शिक्षा आणि शिक्षण : शिकण्याविषयीच्या काही समजुतींचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांचे विद्यार्थी आज समोर मोठ्या संख्येने बसले आहेत. त्यांच्याविषयी मी काही सांगावे आणि तुम्हांला ते नवे वाटावे, असे काही उरलेले नाही. म्हणून त्यांनी आयुष्यभर जे काम केले त्या कामाविषयीच बोलावे, असे मी ठरविले आहे. मूल शिकते म्हणजे नेमके काय होते आणि ते कसे शिकते याविषयी आपण ज्या गोष्टी धरून चालतो, त्यांतल्या किती गोष्टी कोणी कधी तपासून पाहिल्या आहेत, हा माझा विषय आहे.

जामसांवलीचे नाव काढले की पिंपळाखाली आडवे झालेले मारुतिराय डोळ्यांपुढे येतात. परीक्षा जवळ आल्या की नमस्काराला येणाऱ्यांत विद्यार्थी दिसू लागतात आणि त्यांच्यामागे त्यांच्या आयाही. त्या श्रद्धेला पुरावा मागण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. देवापुढे हात जोडणारा स्वतःच्या श्रद्धेचे मोल स्वतः देत असतो. शिक्षकाच्या समजुतीचे तसे नाही. 'मूल असे शिकते' अशी समजूत शिक्षक बाळगतो, पालक बाळगतो, शिक्षणखाते बाळगते, आणि ती चुकीची निघाली तर किंमत मात्र वर्गात बसलेले मूल मोजते. म्हणून या एका क्षेत्रात पुरावा मागणे मला कर्तव्याचा भाग वाटते.

आरंभ एका शब्दापासून करतो, कारण शब्दांशीच माझा जन्म गेला. मी १९५६ साली पहिलीत बसलो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मागे राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख ज्याची राजधानी नागपूर होती त्या मध्यप्रदेशातून ज्याची राजधानी भोपाळ होती त्या मध्यप्रदेशात आला. गाव हलले नाही, राजधानी हलली. माझ्यासारख्या मुलाला त्याची खबर पुढे एका पाटीवरून लागली. पाटीवर 'शिक्षा विभाग' असे लिहिलेले होते. घरी 'शिक्षा' म्हणजे मार. अंगठे धरून उभे राहणे, हातावर छडी, कान पिरगाळणे, ही शिक्षा. तेव्हा ज्या कचेरीतून सगळ्या शिक्षा निघतात ती हीच, अशी माझी बालबुद्धीची खात्री पटली. पुढे कळले की हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. व्युत्पत्ती पाहू जाता दोन्ही अर्थ एकाच 'शिक्ष्' धातूतून आलेले. मराठीने त्या शब्दाचा एक अर्थ उचलला, हिंदीने दुसरा. शिकविणे आणि शिक्षा करणे ही एकच क्रिया आहे असे आपल्या पूर्वजांनी मानले होते काय, असा प्रश्न मला तेव्हापासून पडत आला आहे.

जुन्या पंतोजीच्या शाळेकडे पाहिले तर उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, मोडीचे वळण घोटायचे, बे एके बे पासून तीसापर्यंत पाढे म्हणायचे, आणि त्यावर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. बाजारहाट करणाऱ्याला, कुळकर्ण्याला, सावकाराच्या दिवाणजीला हे सारे लागत असे. चुकले की छडी. या शाळेवर गेल्या दीडशे वर्षांत इतकी टीका झाली आहे की 'घोकंपट्टी' हा शब्द शिवीसारखा झाला. मीही माझ्या तरुणपणी ही टीका मोठ्या आवेशाने केली. आज मला त्या टीकेतला अर्धाच भाग टिकाऊ वाटतो.

याचे कारण परवचा. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांना आठवत असेल. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचे आणि दिवसभरात व मागच्या दिवसांत जे शिकलो ते तोंडाने म्हणायचे. पुस्तक उघडायचे नाही. अडले की आजोबा पुढचा शब्द सांगत, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे रोज, थोडे थोडे, वर्षानुवर्षे. आता या गोष्टीची सांगड मी एका जर्मन मानसशास्त्रज्ञाशी घालणार आहे. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्मृतीवर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोगाला त्याच्याजवळ एकच मनुष्य होता, तो स्वतः. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि किती वेळाने किती विसरले जाते हे वर्षानुवर्षे चिकाटीने मोजले. त्यात त्याला असे दिसले की बारा अक्षरगटांची माळ एका दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हणून जो फायदा होतो, तोच फायदा ३८ वेळा म्हणून होतो, मात्र त्या ३८ उजळण्या तीन दिवसांत वाटल्या पाहिजेत. मेहनत जवळजवळ निम्मी, फळ तेच. एबिंगहाउसनंतर हा प्रयोग शाळेतल्या मुलांवर, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, अर्थपूर्ण मजकुरावर असंख्य वेळा झाला आणि मूळ निष्कर्ष ढळला नाही.

दुसरा भाग याहून मजेचा आहे. २००६ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना आपल्याला 'हे तर येते' असे वाटते. ते वाटणे फसवे असते. पुस्तक मिटून आठवू लागले म्हणजे खरे काय येते ते कळते, आणि त्या आठवण्याच्या कष्टानेच ते पक्के होते. आपल्या आजोबांना एबिंगहाउस ठाऊक नव्हता, पण परवच्यात ही दोन्ही तत्त्वे होती: अंतर ठेवून उजळणी आणि पुस्तकाशिवाय आठवणे. 'उजळणी' हा शब्दच पाहा. भांडे रोज घासले तर उजळ राहते, वर्षाकाठी एकदा घासून चालत नाही.

मग पंतोजीच्या शाळेतले चुकले काय? एक तर मार. दुसरे, अर्थ. औटकी पाठ असलेल्या मुलाला औट म्हणजे साडेतीन हे ठाऊक असे, पण साडेतीनांनी गुणताना आपण करतो काय, हे त्याला कोणी सांगत नसे. आणि तिसरी चूक सर्वांत मोठी: त्या शाळेचे दार कोणाला उघडे होते? तिकडे मी थोड्या वेळाने येतो.

येथे एक आडवाट घेतो. ज्या शाळेला आपण मागासलेली म्हणून हसलो तिचाच एक भाग विलायतेत गाजला. मद्रासच्या लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ पासून व्यवस्थापक होता. तेथील देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात आणि मोठी मुले लहानांना शिकवितात हे त्याने पाहिले, आपल्या संस्थेत तीच रीत लावली आणि १७९७ साली लंडनला त्याची पुस्तिका छापली. इंग्लंडात ही 'मद्रास पद्धती' म्हणून हजारो शाळांत पसरली. पुढे मुंबई इलाख्यात इंग्रजांनी शाळा काढल्या तेव्हा ही पद्धती नव्या सुधारणेच्या वेषात परत आली. शिक्षणाच्या क्षेत्रात नवे म्हणून येणारे पुष्कळदा असे परदेशवारी करून आलेले असते.

घोकंपट्टीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र मला सोडून द्यावा लागला, आणि तो सोडताना यातना झाल्या. पाठांतराने, विशेषतः संस्कृताच्या पाठांतराने, बुद्धीला धार येते आणि मग ती कोणत्याही विषयात चालते, असे आमच्या पिढीने ऐकले आणि आम्ही पुढच्या पिढीला सांगितले. भूमितीविषयीही असेच म्हणत. बुद्धी म्हणजे तालमीतला दंड, कोणताही भार उचला, बळ सगळीकडे येते, अशी ही कल्पना आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ साली ती तपासायला घेतली. पुढे १९२४ साली थॉर्नडाइकने हजारो अमेरिकन विद्यार्थ्यांची वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस चाचणी घेऊन पाहिले की लॅटिन शिकणाऱ्यांची सर्वसाधारण विचारशक्ती इतर विषय शिकणाऱ्यांपेक्षा अधिक वाढते काय. तसा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. जे शिकावे ते येते, आणि त्याच्या लगतचे थोडेफार येते. संस्कृत शिकायचे ते संस्कृतासाठी शिकावे. कालिदासाला एवढे कारण पुरेसे आहे.

आता दाराचा प्रश्न. कोण शिकू शकते, याविषयीची समजूत ही साऱ्या समजुतींची मूळ गंगोत्री होय. मुलींना विद्या पचत नाही आणि अमुक जातींच्या डोक्यात ती शिरतच नाही, ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या देशात मत म्हणून चर्चेलाही येत नव्हती, इतकी ती सर्वमान्य होती. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. त्याकडे आपण समाजसुधारणा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर तो एक प्रयोगही होता, आणि त्याचा निकाल छापून आला. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा तिचे शिक्षण सुमारे तीन वर्षांचे होते. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध मराठी गद्याच्या इतिहासात मी वर्गात अनेक वर्षे शिकविला. त्यातली युक्तिवादाची बांधणी, प्रश्न विचारण्याची रीत आणि उपरोध पाहिले म्हणजे ज्यांच्या डोक्यात विद्या शिरत नाही असे म्हटले जाई त्यांच्याविषयीची समजूत त्या एका निबंधाने खोटी पाडली, असेच म्हणावे लागते. समजूत मात्र निबंधाने मेली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांना प्राथमिक शिक्षणाच्या उपेक्षेविषयी पुन्हा लिहावेच लागले.

आज कोणी जातीचे नाव उघडपणे घेणार नाही. 'हे मूल मुळातच ढ आहे' असे म्हणतो. 'मागच्या बाकावरचे' असे म्हणतो. हीच समजूत नव्या कपड्यांत. तिची तपासणीही मराठी मुलखातच झाली. मुंबईत १९९५ च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिने महापालिकेच्या शाळांतून 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शाळा शिकलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतली जी मुले वाचन आणि हिशेबात मागे पडली आहेत त्यांतली पंधरा-वीस तिने रोज दोन तास वेगळी घ्यायची आणि ती जेथे अडली आहेत तेथून शिकवायचे. कोणत्या शाळेला बालसखी आधी मिळायची हे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले होते, म्हणून तुलना निर्दोष झाली. मुंबई आणि वडोदरा येथील हा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. मुलांची प्रगती झाली, आणि सर्वांत अधिक प्रगती जी सर्वांत मागे होती त्यांची झाली. बॅनर्जी-दुफ्लोंना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. पुढे बातमी पुतळ्याच्या हारासारखी सुकून जाते. 'ढ' मुलाला इयत्तेचा धडा न देता त्याच्या पायरीचा धडा दिला तर ते चालू लागते, ही गोष्ट वर्गापर्यंत किती पोचली हे शिक्षकांनीच सांगावे.

घोकण्याविरुद्ध जी मोठी चळवळ झाली तिचा उगम आपल्या शेजारी, नागपूरच्या पलीकडे वर्ध्याला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, अशी मागणी तेथे झाली. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यावरून योजना तयार केली. आपल्या प्रांतात पंडित रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना त्याच सुमारास आणली. गांधीजींचे धैर्य आणि मातृभाषेवरचा त्यांचा भर यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण टकळी फिरवीत असता गणित, भूगोल, इतिहास हे सारे आपोआप उमलून येते, या गृहीतकाची तपासणी व्हावी तशी झाली नाही. परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी मुलांच्या श्रमावर शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेला आक्षेप घेतला होता. पुढे योजना भक्तांच्या हाती एका टोकाला गेली आणि खात्याच्या हाती दुसऱ्या. शाळेच्या फडताळात धूळ खात पडलेल्या टकळ्या माझ्या पिढीने पाहिल्या आहेत.

याच्या उलट उदाहरण मध्यप्रदेशानेच घालून दिले. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत, किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांच्या पुढाकाराने, विज्ञान प्रयोगातून शिकविण्यास आरंभ झाला. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि पुढे ते काम तिने पाहिले. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक', परीक्षा पुस्तक उघडे ठेवून. मुलांनी आपल्या शंका ज्याला पत्राने विचारायच्या तो 'सवालीराम' नावाचा एक काल्पनिक गृहस्थ होता. त्याच्या नावाने पोस्टकार्डे येत. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'शहाणा आहेस' असे म्हणून खाली बसवितात, तेथे प्रश्नालाच एक पत्ता मिळाला. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

यातून 'मुलाला मोकळे सोडा, ते स्वतः सारे शोधून काढील' असा अर्थ पुष्कळांनी काढला. तो खरा नाही. होशंगाबादेत शिक्षकांची प्रशिक्षणे होती, मासिक बैठका होत्या, प्रयोगाचे साहित्य होते, प्रत्येक पाठाची पावले आखलेली होती. मार्गदर्शनावाचून शोध लावायला सोडलेले नवखे मूल भरकटते, हे कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली आधीच्या अर्धशतकाच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले आहे. नव्या माणसाला आधी करून दाखवावे, मग हात धरून करून घ्यावे, मग सोडावे. संत्र्याच्या झाडाला कलम बांधायला शिकविणारा आमच्याकडचा कोणताही जुना माळी हेच करतो.

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात आजकाल आणखी काही गोष्टी ऐकू येतात. त्या झटकन उरकतो. अमुक मूल डोळ्यांनी शिकणारे, तमुक कानांनी, तिसरे हातांनी, आणि ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावे, असे म्हणतात. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे नीट तपासले. मुलांच्या आवडी निरनिराळ्या असतात हे खरे, पण आवडीप्रमाणे शिकविले म्हणजे अधिक शिकले जाते याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सर्वांनी डोळ्यांनीच पाहावा आणि कविता सर्वांनी कानांनीच ऐकावी. वाचलेले दहा टक्के आठवते, ऐकलेले वीस टक्के, असा एक त्रिकोण दाखवितात. तो एडगर डेल याच्या १९४६ सालच्या पुस्तकातील शंकूवरून काढलेला आहे आणि डेलने त्यात टक्केवारी दिलेलीच नव्हती. मेंदूचा डावा भाग गणिताचा, उजवा कवितेचा, आणि आपण मेंदूचा दशांशच वापरतो, याविषयी बोलण्यात वेळ घालवीत नाही.

आता ज्या समजुतीसाठी मी हे व्याख्यान स्वीकारले तिच्याकडे येतो. 'घरची भाषा शाळेच्या भाषेच्या आड येते.' सीमेवरच्या आपल्या मुलखात ही समजूत तीन पिढ्या राज्य करीत आली आहे. माझ्या लहानपणी एका शिक्षकांनी आमच्या घरी येऊन, अत्यंत कळकळीने, सांगितले होते की पोराशी घरी हिंदीच बोला, नाहीतर ते मागे पडेल. माझे वडील त्यांना नमस्कार करून म्हणाले, "गुरुजी, मला येत नाही ते मी त्याला कसं देऊ?" हल्ली हिंदीच्या जागी इंग्रजी आली आहे, कळकळ तीच आहे.

या समजुतीलाही एके काळी शास्त्राचा आधार होता. १९२३ साली सेअर या संशोधकाने वेल्समधील मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या, आणि खेड्यांतील दोन भाषा बोलणारी मुले एकभाषी मुलांहून मागे आढळली. दोन भाषांनी डोके गोंधळते, असा निष्कर्ष जगभर पसरला. त्यात गरिबी आणि खेडे यांचा हिशेब नीट धरलेला नव्हता. १९६२ साली माँट्रियल येथे पील आणि लँबर्ट यांनी दहा वर्षांची फ्रेंच भाषिक मुले घेतली, घरची परिस्थिती सारखी राहील अशी काळजी घेतली, आणि पाहिले तर दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले एकभाषी मुलांच्या पुढे होती. तत्पूर्वीच, १९५३ साली, युनेस्कोच्या अहवालाने आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे असे म्हटले होते. नायजेरियात इफे येथे १९७० पासून सहा वर्षांचा प्रयोग झाला. मुलांच्या एका गटाला सर्व प्राथमिक शिक्षण योरुबा भाषेतून दिले आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकविला. ती मुले इंग्रजीत मागे राहिली नाहीत आणि इतर विषयांत पुढे गेली.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो मुंबईचा प्रयोग. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी विज्ञानाच्या शिक्षणातील भाषेच्या अडसराचा अभ्यास केला आणि तो १९८१ साली प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकातील विज्ञान तेच ठेवून मराठी सोपी केली, तर मुलांचे आकलन सुधारते, हे त्यांनी दाखविले. येथे मुलेही मराठी, पुस्तकही मराठी, तरी अडथळा भाषेचाच. संस्कृतप्रचुर, कर्मणी प्रयोगांनी भरलेली पाठ्यपुस्तकी मराठी वस्तीतल्या मुलाला परकी होती. मी हा अभ्यास प्रथम वाचला तेव्हा एक मराठीचा प्राध्यापक म्हणून शरमलो, कारण त्या भाषेला आम्हीच प्रतिष्ठा दिली होती. (आणि आजच्या या व्याख्यानाची भाषा पाहता, अजूनही देत आहे!)

जर एकाच भाषेच्या दोन थरांत इतके अंतर पडते, तर सौंसरच्या खेड्यातून येणाऱ्या मुलाचे काय होत असेल? त्याच्या घरी शेताला वावर म्हणतात, पुस्तकात खेत. हा फरक उघड असतो, म्हणून तो बाधत नाही. बाधतात ते शब्द जे दोन्हींकडे सारखे दिसतात. 'डिब्बा खाली है' या वाक्याचा अर्थ मूल 'डबा खाली ठेवला आहे' असा घेते आणि गणिताचे उदाहरण चुकते. 'राग' म्हटले की त्याला संताप आठवतो, संगीत नाही. 'चेष्टा करो' म्हटले की ते हसू लागते आणि मार खाते. 'संसार' म्हणजे त्याच्या लेखी आईवडिलांचा प्रपंच, पुस्तकाच्या लेखी सारे जग. संख्यांत तर घोटाळा अधिक. घरी एकोणनव्वद, शाळेत नवासी, आणि मराठी कानाला 'नवासी' हा नव्वदीच्या घरातला वाटतो. अशा मुलाच्या वहीतल्या लाल फुल्या गणिताच्या नसतात, भाषेच्या असतात. त्या मोजताना मात्र गणितात मोजल्या जातात, आणि मूल 'ढ' ठरते.

१९५६ सालीच, सातव्या घटनादुरुस्तीने, राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी, असे ते सांगते. ज्या पुनर्रचनेने आपल्याला अल्पसंख्य केले, तिच्याबरोबरच हे कलम आले. २०२० च्या शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तेथे, निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, असे म्हटले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. कागद आपल्या बाजूचे आहेत. म्हणून मराठी शाळांच्या मागणीचे भाषण मी येथे करणार नाही. ते इतरांनी पुष्कळ केले आहे, आणि हिंदी माध्यमात शिकून उत्तम निघालेले कितीतरी विद्यार्थी या सभागृहात आहेत. हिंदी आपल्या मुलांना आलीच पाहिजे. माझी मागणी त्याहून लहान आहे आणि तिला शासनाची परवानगी लागत नाही.

तिसरी-चौथीच्या वर्गांत ज्या मुलांच्या घरी मराठी बोलतात त्यांच्यासाठी शिक्षकाने प्रत्येक नवा पाठ हिंदीत सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे मराठीत सांगावा. फसव्या शब्दांची जोडी फळ्यावर मांडावी. शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटवून काय आठवते ते मुलांना सांगायला लावावे, हव्या त्या भाषेत. आठवड्याने तेच पुन्हा विचारावे, महिन्याने पुन्हा. दोन तुकड्या असतील तर पहिल्या सत्रात एकीत हे करावे आणि दुसरीत नेहमीसारखे शिकवावे, दोघींना तीच प्रश्नपत्रिका द्यावी, आणि दुसऱ्या सत्रात अदलाबदल करावी, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. गुण एका वहीत लिहून ठेवावेत. माझे म्हणणे चुकीचे असेल तर त्या वहीत ते दिसेल, आणि मला ते कळविण्यास संकोच करू नये.

या कामासाठी दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या अर्थाच्या शब्दांची एक यादी मी तयार करून आणली आहे. त्यात साठ शब्द आहेत. पहिला शब्द 'शिक्षा' आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शाळेत असा एखादा शब्द अडला असेल त्यांनी तो खाली लिहावा, कारण ही यादी एका माणसाच्या स्मरणातून झालेली असल्याने अपुरी आहे. कागद मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवीत आहे.